‘मयताशी नाते’ या रकान्यात काय लिहू?

*ताई, मी ३६ वर्षांची आहे. मोशीला राहते, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आम्ही दोघं नऊ वर्षं एकत्र राहत होतो. लग्न केलं नव्हतं. तो तयार होता, मीच नको म्हणायचे. माझं पहिलं लग्न मोडताना चार वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. घटस्फोटानंतर वर्षभराने आम्ही एकत्र राहू लागलो, पण पुन्हा कुठे सही करायची म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. त्याने एकदाही जोर केला नाही.*

*अडीच महिन्यांपूर्वी तो दुचाकीवरून संगमनेरला आईकडे निघाला होता. नारायणगावच्या पुढे ट्रकने मागून धडक दिली. तो ३८ वर्षांचा होता, चाकणला एका कंपनीत कायम नोकरीत, पगार ४० हजार. पोलिसांच्या कागदात माझ्या नावापुढे ‘मैत्रीण’ लिहिलंय. तेराव्याला मी शेजारणींमध्ये बसले होते. आता त्याचे मोठे भाऊ म्हणतात, क्लेम आई करेल, तुझा काय संबंध? फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. हप्ता २६ हजारांचा, निम्मा-निम्मा भरायचो. एकटीच्या पगारात तो बसत नाही.*

*एका वकिलांनी सुचवलं, आळंदीला लग्न झालं होतं असं प्रतिज्ञापत्र करू, दोन साक्षीदार मी बघतो. मन घेत नाही, पण दुसरा रस्ता दिसत नाही. त्याच्या आई माझ्याशी वाईट नाहीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला महिनाभर आमच्याकडेच होत्या. वडील पूर्वीच गेले. सध्या त्या मोठ्या मुलाच्या शब्दाबाहेर नाहीत. आणि हे पैसे मागणं म्हणजे त्याच्या मरणाचे पैसे मागणं का, असंही रात्री वाटत राहतं. काय करू?*

आधी त्या वकिलांचं बघू. आळंदीचं प्रतिज्ञापत्र करू नका. भाऊ कितीही टाकून बोलले तरी करू नका.

शिवाजीनगर कोर्टात मोटार अपघाताचे दावे चालवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे पुढे काय होतं ते मला डोळ्यांसमोर दिसतं. विमा कंपनीचा वकील सगळ्यात आधी मयताने स्वतःच्या हाताने भरलेले कागद मागवतो. नोकरीला लागतानाचा पीएफचा फॉर्म, गृहकर्जाचा अर्ज, फ्लॅटचा करार. त्या सगळ्यांवर ‘अविवाहित’ असणार, कारण ते खरंच होतं. मग उलटतपासणीत तो अगदी मऊ आवाजात विचारतो, मुहूर्त सकाळचा होता की संध्याकाळचा? मुलाकडचं कोण आलं होतं? पंगतीत गोड काय होतं? एक साक्षीदार बुंदी सांगतो, दुसरा शिरा. त्या बुंदी-शिऱ्यात तुमची खरी नऊ वर्षंही बुडतात, कारण एकदा खोटं पकडलं गेलं की बाई पुढचं काहीही खरं बोलली तरी न्यायाधीश मान वर करून बघत नाहीत. खोटा पुरावा दिल्याबद्दल सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, ते वेगळंच. साक्षीदार ‘बघतो’ म्हणणाऱ्या वकिलांचं वकीलपत्र काढून घ्या आणि दुसरे शोधा.

तुमच्याकडे खरं आहे आणि ते बऱ्यापैकी भक्कम आहे.

‘तुझा काय संबंध?’ हा भाऊंचा प्रश्न उद्धट आहे, पण कोर्टही वेगळ्या शब्दांत तोच विचारणार. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १६६ म्हणतं की अपघातात माणूस दगावला तर त्याचे ‘कायदेशीर प्रतिनिधी’ भरपाई मागू शकतात. तिथे पत्नी लिहिलेलं नाही, वारस असंही लिहिलेलं नाही. आणि कायदेशीर प्रतिनिधी म्हणजे नेमकं कोण, हे त्या कायद्याने सांगितलेलं नसल्यामुळे न्यायालयं दिवाणी प्रक्रिया संहितेतली व्याख्या घेतात. ती चांगली ऐसपैस आहे. मयताच्या मालमत्तेचा कारभार प्रत्यक्ष ज्याच्या हातात आहे तो माणूसही तिच्यात बसतो. त्या फ्लॅटचा हप्ता, मेंटेनन्स, वीजबिल आज कोण भरतंय?

हे किती नशिबावर असतं बघा. तो लोकलमधून पडून गेला असता तर मामला रेल्वे कायद्याखाली आला असता आणि तिथे ‘अवलंबित’ कोण याची यादीच छापलेली आहे. पत्नी, पती, मुलं, आईवडील आणि पुढची काही नाती. यादीत तुम्ही नाही, विषय संपला. कंपनीत काम करताना गेला असता तर १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यातही अशीच यादी. विमान अपघाताच्या कायद्यातसुद्धा कुटुंबीय म्हणजे कोण ते मोजून दिलंय. रस्त्यावरच्या मृत्यूच्या कायद्याने मात्र यादी केली नाही. मुद्दाम केली नाही की राहून गेली, देव जाणे, पण त्या फटीतून आजवर बरीच माणसं आत आली आहेत.

१९८७ साली गुजरातच्या एसटीविरुद्धच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भावाचा दावा मान्य केला आणि लिहिलं की भारतीय घरांत भाऊ, बहिणी, भावांची मुलं, कधी सांभाळलेली मुलंही एकत्र राहतात आणि कमावत्या माणसाच्या आधाराने जगतात. २०१४ च्या मोंटफोर्ट ब्रदर्स प्रकरणात मयत होता एक ख्रिस्ती धर्मबंधू. लग्न नाही, मुलंबाळं नाहीत, कमाई संस्थेला जायची. भरपाई मागितली त्या संस्थेने, आणि ती मान्य झाली. २०२१ च्या एन. जयश्री प्रकरणात जावयाच्या घरी राहणाऱ्या सासूला कायदेशीर प्रतिनिधी मानलं. सासू ही जावयाची वारस नसते, हे कुणीही सांगेल. न्यायालयाने बघितलं ते एवढंच की ती त्या घरात राहत होती का आणि त्याच्या कमाईवर तिचं चालत होतं का.

यांतल्या एकाही प्रकरणात लग्नाविना राहणारी जोडीदार नव्हती, हे तुमच्यापासून लपवत नाही. तुमचा वकील या निकालांवरून पुढचं पाऊल टाकेल आणि समोरचा म्हणेल की पाऊल फार लांब पडलं. त्याला उत्तर म्हणून २०२२ चा दीपिका सिंग निकाल हाताशी ठेवायला सांगा. प्रश्न होता चंडीगडच्या एका परिचारिकेच्या बाळंतपणाच्या रजेचा, अपघाताशी काही संबंध नव्हता. पण न्या. धनंजय चंद्रचूड यांनी त्यात लिहून ठेवलंय की कुटुंब लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडीदारांचंही असू शकतं, समलिंगी जोडप्याचंही असू शकतं, आणि अशी कुटुंबं वेगळी दिसतात म्हणून त्यांचं संरक्षण काढून घेता येत नाही. हे वाक्य तुमच्या दाव्यात बंधनकारक नाही. तरी ते सर्वोच्च न्यायालयाचं आहे आणि अपघाताचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाला वाचून दाखवता येतं.

आता एक हिशोब सांगते. तो बहुतेक भाऊंना कुणी सांगितलेला नाही.

भरपाई मोजायची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत ठरवून दिली आहे. पगार ४० हजार, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार. (आयकर कापायचा असतो, तो इथे सोडून देते.) कायम नोकरी आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या पगारवाढीपोटी ५० टक्के धरायचे. झाले ७ लाख २० हजार. यातून मयत स्वतःवर जे खर्च करत असेल ते वजा करायचं. मयत अविवाहित असेल तर साधारण निम्मे कापतात. विवाहित असेल आणि दोन-तीन माणसं अवलंबून असतील तर एक तृतीयांश. उरलेल्या रकमेला वयाच्या गुणकाने गुणायचं, ३६ ते ४० वयाला तो १५ आहे.

निम्मे कापले तर उरतात ३ लाख ६० हजार, गुणिले १५, म्हणजे ५४ लाख. एक तृतीयांश कापले तर ४ लाख ८० हजार, गुणिले १५, म्हणजे ७२ लाख.

एका ‘अविवाहित’ या शब्दाची किंमत अठरा लाख रुपये, आणि ते वाचतात विमा कंपनीचे. निम्मे कापण्यामागे न्यायालयाचं कारण असं की एकटा माणूस स्वतःवर जास्त उधळतो आणि उद्या लग्न झालं की आईवडिलांना मिळणारा वाटा आटतो. तुमच्या घराला यातलं काय लागू होतं? तो १३ हजार हप्ता भरत होता, किराणा आणत होता, आईला पैसे पाठवत असणार. संसारी माणसाचाच हिशोब होता तो. तुम्ही दाव्यात उभ्या राहिलात तर वकिलाला हे मांडता येतं. भाऊंनी तुम्हाला गाळून एकट्या आईच्या नावाने दावा टाकला तर कागदावर उरतो एक सडाफटिंग मुलगा आणि त्याची म्हातारी आई, आणि विमा कंपनी आनंदाने निम्मे कापते.

७२ चे दोन सारखे भाग केले तर आईंच्या वाट्याला ५४ येत नाहीत. भाऊ हे गणित तुमच्याआधी करतील. म्हणून निम्म्याचा हट्ट धरून जाऊ नका. वाटणी शेवटी न्यायाधिकरण ठरवतं, पण दोघी एका बाजूने उभ्या असाल आणि आपसांत ठरवून गेलात तर त्याला वजन असतं. माझं मत विचाराल तर मोठा वाटा आईंना जाऊ द्या आणि तुम्ही हप्त्यातल्या त्याच्या भागापुरतं मागा. ‘बाई स्वतः कमावते, हिला कसला आधार गेला?’ हा विमा कंपनीचा ठरलेला प्रश्न आहे. त्यालाही हे १३ हजार उत्तर देतात. शिवाय सहवास हरपल्याची वेगळी रक्कम असते, २०१७ साली ती ४० हजार ठरली आणि दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढते. जोडीदार म्हणून तीही मागा.

तर आता आईंकडे जायचं.

भाऊ दाव्याच्या गोष्टी करत असले तरी, मयत हिंदू असेल तर वारसा कायद्याप्रमाणे आई हयात असताना भावाला काही मिळत नाही. पत्नी नाही, मूल नाही, म्हणजे पहिल्या वर्गातली एकटी आईच. त्यामुळे तुमचं बोलणं व्हायला हवं ते आईंशी. भाऊंमार्फत नको, वकिलामार्फत तर नकोच. संगमनेरला जा. जाताना फायली नेऊ नका. त्यांच्या मोतीबिंदूच्या वेळची डिस्चार्जची फाईल तुमच्याकडेच असेल, फक्त ती न्या, ती त्यांचीच आहे. डोळ्यांत थेंब कोण घालायचं, पथ्याची भाकरी कोण करायचं, हे त्यांना आठवण करून द्यायची गरज नाही. बसा, चहा घ्या, त्यांना रडू द्या, तुम्हीही रडा. तेराव्याला शेजारणींमध्ये बसावं लागलं हे मनात असेल, तर तेही बोलून टाका, पण तक्रार म्हणून नाही. मग सांगा की दावा दोघींनी मिळून करायचा, पहिलं नाव आईंचं, आणि त्याचं कारण हे असं आहे. अठरा लाखांचं गणित त्यांना वहीच्या पानावर लिहून दाखवा. गावाकडच्या बायका हिशोबाला आपल्यापेक्षा पक्क्या असतात.

त्यांनी नाही म्हटलं तर? दार बंद होत नाही. सगळे कायदेशीर प्रतिनिधी एकत्र अर्ज करत नसतील तर जे आले नाहीत त्यांना प्रतिवादी करून दावा चालवायचा, हे कलम १६६ मध्येच लिहिलंय. तुम्ही स्वतंत्र अर्ज करून त्यांना त्यात सामील करू शकता, किंवा त्यांच्या दाव्यात मलाही पक्षकार करा असा अर्ज देऊ शकता. राहता त्या ठिकाणीही दावा करता येतो, त्यामुळे पुण्यात चालेल. मुदत मात्र सांभाळा. एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो. तुमचे अडीच महिने गेले. लोकअदालतीत घाईने तडजोड होऊन जाते आणि नंतर ती उकरून काढणं महाकठीण, म्हणून त्याआधी तुमचं नाव रेकॉर्डवर असलेलं बरं.

पोलिस ठाण्यात तर याच आठवड्यात जा. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांना न्यायाधिकरणाकडे तीन अहवाल पाठवायचे असतात. पहिला ४८ तासांत, दुसरा ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. हा शेवटचा अहवाल दाव्याचा अर्ज म्हणूनही धरला जाऊ शकतो. मयताच्या घरचे कोण, त्यात त्याची माहिती भरतात. तुमच्याकडे जेमतेम पंधरा दिवस आहेत. तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या की मी नऊ वर्षं मयतासोबत एकाच घरात राहत होते, माझी माहिती आणि कागद सोबत जोडले आहेत, ते अहवालात घ्यावेत. पोच घ्या. तोंडी सांगून येऊ नका, हवालदार मान डोलावतील आणि कागदात ‘मैत्रीण’च राहील.

तो शब्द तुम्हाला लागलाय हे कळलं. पोलिसाचाही फार दोष नाही हो. आपल्या भाषेने या बाईसाठी बरा शब्द घडवलाच नाही. जे आहेत ते अंगवस्त्र, ठेवलेली बाई असले, सगळे पुरुषाच्या बाजूने बघणारे. २०१० मध्ये वेलुसामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेसुद्धा निकालात ‘कीप’ असा शब्द वापरला होता, तेव्हा ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी भर न्यायालयात त्यावर आक्षेप घेतला. गंमत अशी की त्याच निकालात तुमच्या उपयोगाचंही आहे. घरगुती हिंसाचाराच्या कायद्यातलं ‘लग्नासारखं नातं’ म्हणजे काय, याच्या कसोट्या त्यात आल्या. दोघं लग्नाच्या वयाचे हवेत, लग्न करायला दुसरी कायदेशीर आडकाठी नको, स्वखुशीने बराच काळ एका घरात राहिलेले हवेत आणि चारचौघांत जोडपं म्हणून वावरलेले हवेत. तुमचा घटस्फोट एकत्र राहण्याआधीचा आहे, म्हणून त्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आधी काढून ठेवा. कायदा वेगळा असला तरी न्यायाधीश तुमचं नातं याच कसोट्यांवर घासून बघतील.

पुरावा म्हटलं की लोक हातात हात घेतलेले फोटो आणतात. फोटो असू देत, पण कोर्टाला कंटाळवाणे कागद जास्त आवडतात. फ्लॅटचा करार, कर्जखात्याचं स्टेटमेंट, आधीच्या घराचे भाडेकरार, गॅसचं पुस्तक, सोसायटीच्या नोंदवहीतली दोघांची नावं. दर महिन्याला तो तुमच्या खात्यावर किराण्याचे पैसे टाकत असेल तर ती यूपीआयची रांग सोन्यासारखी आहे. तो किंवा तुम्ही कधी दवाखान्यात दाखल झाला असाल तर संमतीच्या कागदावर कुणाची सही आहे ते बघा. आणि आईंची ती फाईल संगमनेरला देण्याआधी तिची झेरॉक्स काढा, नातेवाईक म्हणून तुमची सही असली तर तिच्यासारखा कागद नाही. मोबाइलमधले मेसेज द्यायचे असतील तर साक्ष कायद्याच्या नव्या अधिनियमातल्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, वकील ते करून देतील. तोवर फोन बदलू नका आणि त्याचा फोन कुणाच्या हाती देऊ नका.

बाकीच्या पैशांचं भराभर सांगते. पीएफ आणि ग्रॅच्युइटीत त्याने तुमचं नाव नॉमिनी म्हणून टाकलं असलं तरी त्याच्यावर अवलंबून असलेली आई असताना ते टिकणं अवघड, ते पैसे आईंचे धरून चाला. आयुर्विम्यात तुम्ही नॉमिनी असाल तर कंपनी तुम्हाला पैसे देईल, पण २०१५ च्या दुरुस्तीने जे पैसे नॉमिनीचेच होतात ते आईवडील, पती-पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तर. तुमच्या बाबतीत आई त्यावर हक्क सांगू शकतात, म्हणून मिळाले तरी त्यांच्याशी बोलणं होईपर्यंत खर्चू नका. त्याच्या दुचाकीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असू शकतो. चूक कुणाची हे न बघता तो मिळतो आणि हटकून विसरला जातो. पॉलिसी शोधा. गृहकर्जासोबत बँकेने विमा उतरवला होता का, तेही विचारा, बरेचदा हप्त्यात तो गुपचूप घातलेला असतो. फ्लॅटमधला तुमचा भाग तुमचाच आहे, त्याचा भाग मृत्युपत्र नसेल तर आईंकडे जातो. म्हणजे यापुढे त्या फ्लॅटमध्ये तुम्ही आणि त्या भागीदार. भाऊंनी हे अजून ऐकलेलं नसावं.

राहिलं तुमचं रात्रीचं.

सही केली असती तर सगळं सोपं झालं असतं, हे खरं आहे आणि मी ते नाकारणार नाही. कागद असता तर पोलिसाने पत्नी लिहिलं असतं आणि तुम्ही हे पत्र लिहिलं नसतं. पण ट्रकने धडक दिली ती तुम्ही सही केली नाही म्हणून नव्हे. नऊ वर्षांत त्याने एकदाही जोर केला नाही असं तुम्हीच लिहिलंय. तुमच्या पोटातला गोळा त्या माणसाला कळत होता. त्याला जे कळलं त्याबद्दल तुम्ही आता स्वतःला शिक्षा करून घेऊ नका.

आणि मरणाचे पैसे म्हणाल, तर इंग्लंडचा एक प्रकार सांगते. तिथे लग्नाविना दोन वर्षं एकत्र राहिलेल्या जोडीदाराला आधार गेल्याची भरपाई मिळायची, पण शोकापोटी जी ठरावीक रक्कम देतात ती जोडीदार म्हणून मिळायची लग्नाच्या नवरा-बायकोला, हिला नाही. म्हणजे कायद्याच्या मते हिचा हप्ता बुडाला हे मान्य, दुःख झालं हे अमान्य. जोडीदार गमावलेल्या एका बाईने हे धरून लावलं आणि २०१७ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो भेदभाव ठरवला. ऑक्टोबर २०२० पासून कायदा बदलला. ती रक्कम तशी फार मोठी नव्हे. इतकी वर्षं कोर्टात जायचं ते त्या रकमेसाठी असेल असं मला वाटत नाही, पण रक्कम मागितल्याशिवाय ती बाई कुणाच्या मोजणीत आली नसती. आपल्याकडेही २००८ साली महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने पोटगीच्या कलमात अशा बायकांना पत्नीसारखं धरावं असा प्रस्ताव मंजूर केला होता. कायदा काही झाला नाही. तुमच्यासारख्या एकेका दाव्याने जेवढं सरकेल तेवढंच सरकतंय.

तेव्हा मागा.

अर्जाच्या सुरुवातीला अर्जदारांची नावं, वय, धंदा आणि ‘मयताशी नाते’ असा रकाना असतो. पहिल्या ओळीत आईंचं नाव घाला, त्यापुढे ‘आई’. दुसऱ्या ओळीत तुमचं. वकील तिथे ‘पत्नी’ टाइप करून आणतील, सवयीने. खोडून घ्या आणि लिहायला सांगा, ‘नऊ वर्षे एकाच घरात राहणारी जोडीदार, अविवाहित’. रकाना लहान असतो, दोन ओळी लागतील.